मल्लप्पामामांस, नोकरी कायम झाल्याबद्दल

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, फाल्गुन, सन १९७४

तीर्थस्वरूप मल्लप्पामामांच्या पायांशी भाचा रेवणसिद्ध याचे शरणु. इथे तुमची बहीण म्हणजे आमची अव्वा, मी आणि दारातली म्हैस सगळे सुखरूप आहोत. तुमची गुडघेदुखी कशी आहे? वैरागच्या बाजारात तुरीला भाव चांगला आहे असं ऐकलं, त्यावरून बरी असावी (तुमचे गुडघे भावाबरोबर दुखायचे थांबतात हे काशम्मामामीचं म्हणणं, माझं नव्हे). मामीला नमस्कार. चंद्रव्वालाही जो काय सांगायची रीत असेल तो सांगावा.

दिवाळीत तुम्ही चारचौघांत मला बजावलं होतं, "चेंडू खेळून पगार घेणाऱ्याला मी आमची चंद्रव्वा देत न्हाय. गिरणीत कायम हो, मग बोलू की." तेव्हापासून मी त्याच काळजीत होतो, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितो. माझी उंची तुम्हाला ठाऊक आहेच; तुमच्याच दुकानाच्या माळ्यावरचे डबे मी शिडीशिवाय काढून देत आलो. त्या उंचीवर गिरणीनं मला बास्केटबॉलच्या संघात घेतलं. कागदोपत्री मी कापडाच्या घड्या घालण्याच्या खात्यात बदली कामगार. सकाळी घड्या, दुपारनंतर मैदान. बदली म्हणजे आज आहे, उद्याचं सांगता येत नाही. खेळ चांगला झाला तर कायम करू असं मॅनेजरसाहेबांनी तोंडी कबूल केलं होतं.

खेळ शिकवायला मानसिंग सर. ते मुळात कबड्डीचे. माझ्या अंगाला कुणाचा हात लागला की ते बाहेरून "मेला, मेला" असं ओरडतात आणि मग त्यांनाच आठवतं की हा खेळ वेगळा आहे. पहिल्या दिवशी मी चेंडू काखोटीला मारून सरळ चालत गेलो आणि जाळीत ठेवून आलो. सर कपाळाला हात लावून बसले. चेंडू म्हणे जमिनीवर आपटत न्यायचा. मामा, तुम्ही व्यापारी माणूस, तुम्हीच सांगा, हातातला माल आपटत नेणारा गडी तुम्ही एक दिवस तरी ठेवला असता का? पण पगार आपटण्याचा आहे म्हटल्यावर मी आपटायला शिकलो, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायला लागलं. घरी अव्वा म्हशीचं दूध काढते तेव्हासुद्धा मी अंगणात आपटतच असतो (म्हैस आटली तर दोष माझा, असं अव्वानं शेजारी सांगून ठेवलं आहे).

तर गेल्या आठवड्यात आमच्या मैदानावर अंतिम सामना झाला, एका साखर कारखान्याच्या संघाशी. तो संध्याकाळी पाळी सुटायच्या आत संपायचा होता, पण पाहुण्यांना भाषणाची हौस, त्यामुळे सुरू व्हायलाच उशीर झाला. शेवटी शेवटी आम्ही एका गुणानं पुढे होतो आणि चेंडू माझ्या हातात. सर ओरडत होते, "नुसता धरून ऱ्हा, कुटं जाऊ नको." मी धरला होता. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला.

आता इथे तुम्हाला आमच्या खात्याची शिस्त सांगायला हवी. भोंगा झाला की हातातलं असेल तसं खाली ठेवायचं आणि बाजूला सरायचं, कारण पुढच्या पाळीचा माणूस मागे उभाच असतो. आमचे जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, रुद्रप्पा यांनी हे माझ्या अंगात इतकं मुरवलं आहे की हातांना मला विचारावं लागत नाही. मी चेंडू नीट खाली ठेवला, हात झटकले आणि सरलो. मागे साखर कारखान्याचा पोरगा उभा होता. त्याला मी वाट करून दिली, वर "घ्या" असंही म्हणालो. त्यानं घेतला. मी फाटकाच्या वाटेला लागलो होतो तेव्हा मागे जाळी हलल्याचा आवाज आला. आम्ही एका गुणानं हरलो. निम्म्या प्रेक्षकांना हे कळलंच नाही, कारण भोंग्याबरोबर तेही उठले होते.

मानसिंग सर तिथेच मुरमावर बसले. मी त्यांच्याजवळ गेलो. तुमचं दिवाळीतलं बोलणं आठवलं आणि मला रडू आलं. एवढ्या उंचीच्या माणसाचं रडणं लांबूनही दिसतं, त्यामुळे ते मॅनेजरसाहेबांना दिसलं. ते रागानं लाल झाले होते. तेव्हा रुद्रप्पा पुढे होऊन म्हणाले, "सायेब, चेंडू टाकणारी पोरं लई मिळतील. पर ह्याला गिरणी भिनली हाय. असला गडी सोडू नका." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. दुसऱ्या दिवशी मला कायम केलं. संघातही ठेवलं आहे. यापुढे सामने सकाळी घ्यायचे ठरलं. मानसिंग सरांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून मला दिली. एकंदरीत माझं बरं चाललं आहे, मामा. मोठ्या मजेत आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
रेवणसिद्ध

ता. क. : अव्वाला सुपारी फोडायची फार घाई झाली आहे. तुम्ही शब्दाचे पक्के, तेव्हा होकार येणारच असं धरून ती परातीसुद्धा घासून बसली आहे.

आणखी एक : खरं काम हे आहे. एवढं सगळं लिहून तुमची समजूत काढली आणि मग ध्यानात आलं, की चंद्रव्वाला कुणी विचारलेलंच नाही. तुम्ही नाही, अव्वानं नाही, मीही नाही. लहानपणापासून सगळ्यांनी धरूनच ठेवलं आहे. तेवढं तिला विचारा. ती नको म्हणाली तर मला फार वाईट वाटेल, पण तसंच कळवा. विचारायचं काम मामीकडे द्या आणि त्या वेळी तुम्ही दुकानात जाऊन बसा. तुमच्यासमोर त्या घरात अजून कुणी नको म्हटलेलं नाही.