बंगळुरूची हवा

नाशिक
मंगळवार, २८ मे २०२४

श्री. गोरक्ष यांस,

नमस्कार. पत्रात 'सप्रेम' लिहायची रीत आहे, ती आज पाळत नाही. मी बरी आहे. तुम्ही बरे आहात असं तुम्ही सगळ्यांना सांगत असता, तेव्हा तुम्हाला विचारत नाही.

फोन मुद्दाम केला नाही. माझा आवाज चढला की इगतपुरीच्या डोंगरातली रेंज बरोबर त्याच क्षणी जाते. आमच्या वरच्या मजल्यावरचा नवनाथ रोज तिकडे नोकरीला जातो, त्याच्या हाती हे पाठवते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, रागात लिहिलेलं पत्र एक दिवस ठेवून मग पाठवावं. मी ठेवणार नाही.

काल मयूरचा बंगळुरूहून फोन आला. तुमचा मुलगा फार गोड बोलत होता, तेव्हाच मला संशय आला.

"आई, बाबांनी हो म्हटलंय. दोन्ही घरं विकायची आणि तुम्ही दोघांनी इकडे यायचं. इथे ना तुझं ऊन, ना त्यांचा पाऊस. बारा महिने एकसारखी हवा."

"बाबांनी हो म्हटलंय? कोणाच्या बाबांनी?"

"आई, प्लीज."

मी फोन ठेवून दिला. लग्न झाल्यापासून मी तुम्हाला सांगत आले की मला ते इगतपुरीचं घर सोसत नाही. भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी, मिठाचं पाणी, भर दुपारी दिवा लावायचा. तुम्ही म्हणायचात, "मीना, माणसाने श्वास घ्यावा तर इथेच." तुम्ही रेल्वेतून रिटायर झालात तेव्हा मला वाटलं, आता नाशकात याल. मी शाळेतून रिटायर झाले तेव्हा तुम्हाला वाटलं, मी तिकडे येईन. दोघंही जागचे हललो नाही. गणपतीला तुम्ही इकडे, दिवाळीला मी तिकडे. हवेवरून वेगळं राहणारं जोडपं म्हणून नातेवाईक हसले, त्यांना हसू दिलं. पण बायकोसाठी जो पाऊस तुम्ही सोडला नाहीत, तो मुलाच्या एका फोनवर सोडलात. हे मला फार लागलं.

म्हणून तुमच्या शेजारच्या ठमाबाईंना फोन लावला. पश्चिमेच्या भिंतीला ताडपत्री बांधली का, एवढंच विचारलं. मे संपायच्या आत ती बांधली नाही तर तिकडच्या आडव्या पावसाने भिंत आतून पाझरते. दरवर्षी ती बांधून तुम्ही मला फोटो पाठवता, किल्ला सर केल्यासारखा. यंदा फोटो आला नव्हता.

"नाय बाई. यंदा बांधायची नाय म्हनले. बांबू पन देऊन टाकले."

"का?"

"मी सांगितलं म्हनू नका. गेल्या श्रावनात साहेब बसून झोपायचे. आडवं झालं का दम लागायचा. दवाखान्यात नेलं, वाफ दिली. डाक्टर म्हनला, ओल सोसायची नाय आता. मी म्हनलं, बाईंना कळवू का? तर म्हनले, नको, ती मला गच्चीवर नेऊन कुरडयांसंगं वाळत घालंल."

सांगताना त्या हसल्या. मी हसले नाही. गेल्या श्रावणात तुम्ही मला रोज सांगत होतात, "जरा सर्दी आहे." गृहपाठ विसरलेल्या पोरांची थाप मी दारातून ओळखायचे. तुमची ओळखली नाही.

कोरडं नाशिक तुमच्यापासून तासाभरावर आहे. तरी तुम्ही बंगळुरू निवडलंत. इथे आला असतात तर मी जिंकले असं झालं असतं. त्यापेक्षा दोघांची घरं विकलेली बरी, नाही का? तुमच्या छातीत हवा मावत नाही, पण हेका मावतो.

आता हेही वाचा. यंदा गहू चांगला मिळाला नाही म्हणून कुरडया केल्या नाहीत, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. गहू उत्तम होता. एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया घालताना मला चक्कर आली. पातेलं कलंडलं, चीक फरशीभर झाला आणि मी त्यात पडले. नवनाथने उचलून खाली आणलं. सलाईन लावावं लागलं. उन्हात पुन्हा जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. नवनाथला गप्प राहायला मीच सांगितलं होतं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "सांगत होतो." ते ऐकण्यापेक्षा मला ती तापलेली फरशी परवडली.

हे लिहून तुमच्यावरचा राग कमी होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

मी बंगळुरूला येणार नाही. हवा चांगली असेलही. पण तिथे मी नावं कशाला ठेवू, आणि सकाळी उठून तुमच्याशी बोलू काय?

तेव्हा असं करायचं. शुक्रवारी सकाळी मी गाडी करून तिकडे येते. उन्हाळा सरेपर्यंत तिथेच राहीन, कारण तिथे गार असतं. हे लिहिलं आहे, तोंडाने बोलून दाखवणार नाही. पावसाने जोर धरला की दोघांनी इकडे यायचं आणि दसऱ्यापर्यंत राहायचं. इथेही पाऊस पडतो, पण माणसासारखा पडतो. ताडपत्री तरी बांधायचीच, मागे घर भिजायला नको. शिडीवर तुम्ही चढायचं नाही. माणूस मी आणते, बांबूंचं तुम्ही बघा.

मयूरला 'नाही' तुम्ही सांगायचं, कारण 'हो' तुम्ही म्हणालात. "तुझी आई ऐकत नाही" अशी पळवाट काढायची नाही.

आणि कोण जिंकलं हे कोणी बोलायचं नाही. मीसुद्धा नाही. मला ते किती जड जाईल हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

मधल्या दिवसांत दम लागला तर शुक्रवारची वाट पाहू नका. मला उठवा, कितीही वाजलेले असोत.

तुमच्यावर रागावलेली, आणि दुसऱ्या कोणावर एवढं रागावता न येणारी,

तुमची
मीना