पाचवं गाणं राहिलं

लोणावळे, रविवार, १९ जानेवारी १९३६

अजून डोकं तापलेलंच आहे. ताईच्या पाच कविता, सासुरवाशिणीचा एक दिवस, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंतचा. वर्षभर खपून मी त्यांना चाली लावल्या. आमच्या कान्ह्या गड्याच्या सखूमावशीकडून ऐकलेली जात्यावरची चाल पहिल्या गाण्यात घेतली, ती थेट पाचव्यात परत येते. तिथेच त्या पोरीचा हुंदका आहे.

आणि आज शेटजींच्या बंगल्यावर काय झालं? तिसरं गाणं जरा नाचरं, तर मंडळींनी ‘वन्समोअर’चा गलका केला! तेच गाणं आणखी तीनदा झालं. मग चहा आला नि बैठकच उठली. चौथं गेलंच, नि पाचवं गाणं राहिलं ते राहिलंच. गाणी म्हणजे काय भज्यांची बशी आहे, हवं ते उचलायला?

मावशीला मीच मुद्दाम बोलावलं होतं. जाताना म्हणाली, "मास्तर, दळण सरल्याबिगर आमी जात्यावरनं उठत न्हाई. तुमी कसं उठला?"

शेटजींना शिव्या देत घरी आलो खरा. पण पेटी वाजवत गाणारा कोण होता? मीच. आणि तिसऱ्यांदा तर कुणी मागितलंही नव्हतं.