नऊ खिशांचा कोट आणि माझे कान

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? इकडे कान सोडून सगळं ठीक. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता अंदाज बांधतो.

अंदाजाने भागतं, असं मला गेल्या महिन्यापर्यंत वाटत होतं. मग एक निवृत्त न्यायाधीश दुकानात कोट शिवायला आले. मापं झाल्यावर म्हणाले, "बाहेरून खिसे नको." मी ऐकलं, नऊ. (शंका आली होती. पण न्यायाधीशांची उलटतपासणी शिंप्याने कशी घ्यायची?) चार सहज बसले, बाकीच्यांना जागा शोधण्यात दोन दिवस गेले. त्यांनी कोट घातला, प्रत्येक खिशात हात घालून पाहिला आणि काही न बोलता गेले. (बोललेही असतील.)

त्यावर ही मला कानाच्या यंत्रांच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या बाईंनी काचेच्या खोलीत बसवून तासभर बारीक आवाज ऐकवले, असं ही म्हणते. दोन्ही कानांचे मिळून एक लाख ऐंशी हजार, हे मात्र मला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं.

मग मी नऊशे रुपयांचं एक कुरियरने मागवलं. त्यात सगळेच आवाज मोठे यायचे. हिने टोस्ट खाल्ला, तर कपाट कोण सरकवतंय ते बघायला मी उठलो. तिसऱ्या दिवशी ही आत बहिणीशी फोनवर बोलत होती. "मोतीबिंदूचं यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा 'छान' म्हणाले. आता सुईत दोरा ओवता येत नाही, तेही सांगायचं सोडलंय." दुकानातली काजं-बटणं हीच करते, ताई. वाकड्या टाक्यांवरून मी तिला बोललोही होतो.

दुकान बंद केलं आणि हिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. कानांसाठी बाजूला काढलेलं तिकडे जाईल.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. यंत्रवाल्या बाई म्हणतात, दुसऱ्याचं वापरलेलं यंत्रही माझ्या कानाला जुळवून देता येतं, फक्त कानात बसणारा भाग नवा करायचा. भाऊजींचं कपाटात तसंच आहे, असं तू लिहिलं होतंस. त्यांना जाऊन अजून वर्षही झालं नाही, मागायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहून मागतो. ऑपरेशननंतर हिच्या डोळ्यात थेंब कधी आणि किती घालायचे, ते डॉक्टर मला सांगणार आहेत. तुला भाऊजींचं यंत्र जवळच ठेवावंसं वाटलं तर ठेव, मी मनात काही आणणार नाही.

ता. क. दुसरा. ते एकाच कानाचं होतं ना? डाव्या कानाचं असेल तरी चालेल. हिची खुर्ची मी मशीनच्या डाव्या बाजूला आणून ठेवली आहे.