आईच्या लॅपटॉपवर माझे शॉर्टकट

३ मार्च, सोमवार

...आणि म्हणूनच बटणं बंद! कालचा वाद अर्धवट राहिला होता, आज निकाल लागला. आई ॲप बनवायला शिकणार तर टर्मिनलवरच. काळी खिडकी, कमांड टाइप करा, एंटर मारा. आयडीई, म्हणजे कोड लिहायचं तयार सॉफ्टवेअर – ढीगभर चिन्हं, चार पॅनेल आणि वर एक हिरवं रन बटण. लिफ्टने वर जायचं आणि व्यायाम झाला म्हणायचं!

"बटण दिलंय तर दाबायचं नाही?" – आई.

"त्याच्यामागे काय चालतं ते कळत नाही ना!"

"मिक्सरच्या आत काय चालतं ते कळतं तुला?"

मी मोठ्या मनाचा. टर्मिनल उघडून दिलं.

५ मार्च, बुधवार

प्रकरण सीरियस आहे. मी झालो तेव्हा आईने प्रोग्रामरची नोकरी सोडली. म्हणजे मी जन्मतःच बग! आता तिला परत काम करायचंय आणि जागा निघालीय नेमकी माझ्या ऑफिसात. मंगळवारी टेस्ट. ऑफिसच्या लॅपटॉपवर एक बिघडलेलं ॲप देणार, ते चालवून दुरुस्त करून दाखवायचं.

अर्जात तिने माहेरचं आडनाव लावलंय. "तुझ्या वशिल्याने आले म्हणायला नको. आणि तिथे मला ओळख दाखवायची नाही."

माझा वशिला! मी स्वतः प्रोबेशनवर. तिथलं कॉफी मशीनसुद्धा मला भाव देत नाही.

६ मार्च, गुरुवार

कमांड लांबलचक, आईच्या लक्षात राहीनात. मग मी डोकं चालवलं. शॉर्टकट करून दिले! 'पळ' टाइप केलं की ॲप फोनवर सुरू. 'धू' म्हणजे जुनं बिल्ड, आधी बनून बसलेलं ॲप, पुसून सगळं नव्याने बनव. आत काय होतं तेही समजावलं – अर्धा तास, न मागता.

"'धू' छान आहे. तुझ्या खोलीसाठी पण एक कर."

९ मार्च, रविवार

फितुरी! चहा घेऊन गेलो तर आईच्या स्क्रीनवर आयडीई.

"अरे, हा लाल ठिपका लावला ना, की ॲप बरोबर त्या ओळीवर थांबतं. आतल्या सगळ्या व्हॅल्यू दिसतात. तू तुझ्या काळ्या खिडकीत कसं बघतोस?"

"कोडमध्ये प्रिंटची ओळ टाकतो. व्हॅल्यू स्क्रीनवर छापून येते."

"दर ओळीला?"

चहा गार होतोय म्हणालो.

११ मार्च, मंगळवार

काचेच्या मीटिंग रूममध्ये आई. शेजारी आमचा टीम लीड. माझं टेबल बरोबर समोर. आईने टर्मिनल उघडलं – काय अभिमान वाटला! काहीतरी टाइप केलं. थांबली. परत टाइप केलं. लीड स्क्रीनकडे वाकला.

आणि मी ताडकन उठलो. 'पळ'!

ते शॉर्टकट फक्त घरच्या लॅपटॉपवर आहेत. 'पळ' म्हणजे काय, हे जगातल्या दुसऱ्या कुठल्याच मशीनला माहीत नाही. आणि खरी कमांड मी तिला परत टाइपच करू दिली नव्हती. वा रे गुरू!

काचेबाहेरून हातवारे केले. हवेत गोल बटण काढलं, दाबून दाखवलं. लीडने माझ्याकडे बघितलं आणि पडदा ओढला.

संध्याकाळी आई सांगत होती, "मशीन म्हणालं, अशी कमांडच नाही. त्यांनी विचारलं, हे काय? म्हटलं, घरची सवय."

"मग?"

"मग बटण दाबलं. लाल ठिपका लावला, चूक सापडली. पण दुरुस्त करूनही स्क्रीनवर जुनंच! मग तुझा 'धू' आठवला. आत काय होतं ते माहीत होतं, म्हणून टर्मिनलच्या 'हेल्प'मध्ये खरी कमांड शोधली आणि चालवली."

"म्हणजे अर्धं माझ्यामुळे जमलं!"

"हो. आणि अर्धं तुझ्यामुळेच अडलं."

"काय म्हणाले शेवटी?"

"कळवतो म्हणाले." मग पर्स खुंटीला अडकवत – "कळवतो म्हणजे काय ते मला कळतं रे."

आत जाऊन बसली. दिवा लावला नाही. मी कुकर लावला.

१३ मार्च, गुरुवार

फोन नाही. आईने लॅपटॉप कपाटात ठेवलाय, स्वेटरांच्या खाली.

१७ मार्च, सोमवार

सकाळी "बँकेत जाऊन येते" म्हणून आई माझ्याआधी निघाली. ऑफिसात पोचलो तर खिडकीजवळच्या टेबलावर ती! शुक्रवारीच फोन आला होता म्हणे. घरी एक चकार शब्द नाही. लीडने टीमला ओळख करून दिली, माहेरच्या आडनावाने. "मॅडम अनुभवी आहेत. यापुढे याचा कोड आधी त्या बघतील." बोट माझ्याकडे.

दुपारी माझ्या कोडवर आईची पहिली कमेंट पडली: "हे शॉर्टकट फक्त तुमच्या मशीनवर चालतात. बाकीच्यांनी काय करायचं? आणि इतके प्रिंट कशाला?"

तुमच्या! अख्खी टीम वाचतेय. उत्तर द्यायलाच हवं. आता डायरी, तूच सांग – 'हो मॅडम' लिहू की 'हो आई'?