आंबवड्याचा मेळावा आणि एक घोंगडी

भोर, माघ वद्य पंचमी, शके १८५८

तीर्थस्वरूप दादामामांच्या चरणी वसंताचा साष्टांग नमस्कार (कंबर अजून वाकत नाही, तेव्हा सध्या उभ्यानेच). मामींचे गुडघे आता कसे आहेत? इकडे आई खुशाल आहे, सुलूची परीक्षा जवळ आली आहे आणि माझा डावा डोळा कालपासून उघडू लागला आहे.

साताऱ्यात तुमच्या कानावर काही भलतेसलते येण्याआधी खरी हकिकत कळवतो. आम्हा भोरच्या मास्तरमंडळींना चार भिंतींआड बसून फुलपाखरांवर कविता करण्याचा कंटाळा आला होता. म्हणून रविवारी आंबवड्याच्या ओढ्याकाठी निसर्ग, काव्य आणि कला यांचा मेळावा भरवला. सतरंज्या, पेटी, रंगांच्या वाट्या असा सगळा सरंजाम बैलगाड्यांतून नेला. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सौदामिनीबाई (तुमचे वर्गबंधू बापूसाहेब वकील, त्यांची कन्या) आंब्याच्या बुंध्याशी बसून ओढा रंगवत होत्या. आमचे यजमान गेनबा, गावातले जुने शेतकरी, यांनी पिठल्याची चूल नेमकी त्याच झाडाखाली मांडली. वर हे एवढे मोहोळ लोंबत होते. मी भीत भीत ते दाखवले, तर म्हणाले, "दरसाल हितंच चूल पेटवतो, मास्तर. माश्या वळखीच्या हाईत."

माझ्या कवितेचे नाव 'ये मधुकरा'. (निव्वळ योगायोग. मामा, हसू नका.) दुसरे कडवे संपते न संपते तोच धूर वर पोचला आणि माश्या खाली आल्या. ओळख त्यांनी पहिल्यांदा गेनबांनाच दाखवली, नाकावर. मग काय, अध्यक्ष बैलगाडीखाली, पेटीवाले पेटीसकट करवंदीच्या जाळीत! सौदामिनीबाई मात्र चित्र वाळल्याशिवाय हलेनात. मी त्यांना ओढायला धावलो (मुळाला अडखळून कंबर आणि माशी डसून डोळा, दोन्ही तिथेच कामी आले), तेवढ्यात गेनबांनी आम्हा दोघांवर एकच घोंगडी टाकली, "हलू नगा!" म्हणून ओरडले आणि स्वतः ओढ्यात उडी घेतली.

आत अंधार, मेंढरांचा वास, बाहेर घोंघावणे. शेवटी सौदामिनीबाईंनीच विचारले, "कविता संपली होती का?"

"दोन कडवी राहिली आहेत."

"मग म्हणा की. आता कोण उठून जाणार आहे?"

मामा, मी म्हटली. इतक्या शांतपणे माझी कविता आजवर कुणी ऐकली नव्हती. संपल्यावर त्या म्हणाल्या, तिसऱ्या कडव्यातले यमक ओढून आणले आहे, पण मला ओढायला आलात ते बरे केलेत. इतक्यात घोंगडी उचलली गेली. भोवती सगळा मेळावा उभा (सुजलेला), आणि गेनबांच्या कारभारीण सखूबाई म्हणतात, "आता अक्षदा आनू का?"

सगळे पोट धरून हसले. मी तेवढा हसलो नाही, कारण माझ्या मनात "आणा" असेच आले होते.

मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक भाचा,
वसंत

ता. क. वरचे सगळे प्रास्ताविक समजावे. खरे काम असे, की तुम्ही मिळेल त्या मोटारीने येऊन बापूसाहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकावा. मी रोज त्यांच्या दारावरून नुसताच जाऊन येतो आहे.

आणखी ता. क. पाकिटाला डिंक लावतो तोच खुद्द बापूसाहेब आमच्या ओसरीवर! आईला सांगत होते, "मुलगी म्हणते, हा गृहस्थ विचारायला वर्ष लावील, बाबा, तुम्हीच जाऊन या." आई साखरेचा डबा शोधते आहे आणि मी माडीवर बसून हे लिहितो आहे. तेव्हा शब्द टाकायला नको. पण मामा, मिळेल त्या मोटारीने याच. खाली जायला मला सोबत हवी आहे.