पिवळ्या चिठ्ठीचा रिकामा रकाना

प्रिय ताई,

गेल्या रविवारी मी तुझ्या नावावर खोटे बोललो. आज तुला लिहायला बसण्याचे कारण एवढेच आहे. तू जाऊन पाच महिने झाले. या पाच महिन्यांत तुला सांगण्यासारखे पुष्कळ घडले, पण कागद पुढे ओढायला मला एक अपराध करावा लागला. तुला याचे नवल वाटणार नाही. "दिग्या, तू गोड बोलायला लागला की मी आधी गोण उलटी करून पाहते," असे तूच म्हणायचीस ना?

घडले ते असे. सिल्वासात आपल्या सोसायटीच्या सभागृहात माझा रविवार सकाळचा वर्ग अजून चालू आहे. लोक जुने, दमलेले लॅपटॉप घेऊन येतात आणि मी त्यांना पेनड्राइव्हवरून लिनक्स दाखवतो: संगणकाचा सगळा कारभार चालवणारी, विनामूल्य मिळणारी म्हणून लोकांना संशयास्पद वाटणारी, आणि जिची घडण कुणालाही उघडून पाहता येते अशी ऑपरेटिंग सिस्टीम. त्या दिवशी राखोलीहून मंगल आली होती. तू माल तपासायचीस त्या झाकणांच्या कारखान्यात पॅकिंगला असते ती, नंदुरबारकडची. पाळी सुटल्यावर ती घरी ब्लाउज शिवते. सगळ्या गिऱ्हाइकांची मापे आणि गळ्यांचे नमुने तिच्या लॅपटॉपमध्ये आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

माझे विवेचन तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग एकच प्रश्न विचारला.

"सर, शोभाताईंनी हे पास केलं होतं का? केलं असेल तर मला काही विचारायचं नाही."

आणि मी म्हणालो, "हो."

"मग पुसून टाका जुनं सगळं," ती लगेच म्हणाली. "ताईंचा शिक्का असल्यावर परत काय तपासायचं?"

ताई, लोकांनी या प्रणालीवर विश्वास ठेवावा म्हणून मी किती वर्षे घसा कोरडा केला! तो विश्वास समोर आला, अख्खा, एकाही प्रश्नाशिवाय, आणि मला चक्क भीती वाटली. माझा हात तिच्या लॅपटॉपवरून आपोआप मागे आला. "आजचे पेनड्राइव्ह ठीक नाहीत, पुढच्या रविवारी ये," असे सांगून मी वेळ मारून नेली. हे माझे दुसरे खोटे. त्याचे पुढे काय झाले ते सांगेनच.

आठवते का, धुळ्याहून तू आधी इकडे आलीस आणि वर्षभराने मला आणलेस? राखोलीच्या त्या एका खोलीत तू पाळीवरून यायचीस, पाय पसरून बसायचीस आणि मला म्हणायचीस, "आज काय शिकवलं ते सांग. मला समजलं नाही तर तुलाच येत नाही." मी आज जो काही शिक्षक आहे, तो त्या खोलीतला आहे. पण ऐकून घेणारी बाई एवढी संशयी असेल, तर शिकवणाऱ्याचे काय हाल होतात, याचा विचार तू कधी केलास का?

तुझ्या कामाच्या जागी मी पहिल्यांदा डबा घेऊन आलो, तो दिवस मला स्पष्ट दिसतो. दाण्याची गाडी लागली होती. तांदळासारखा दिसणारा तो प्लास्टिकचा कच्चा माल, वितळवून ज्याची झाकणे होत. गाडीबरोबर आलेल्या माणसाने वरची गोण स्वतः फोडून पुढे केली. "लो बेन, देखो, एकदम चोख्खा माल!" तू ती गोण हसत बाजूला ठेवलीस आणि थप्पीच्या पार खालची एक गोण हमालाला ओढायला लावलीस. तोवर सगळ्या मालावर पिवळी चिठ्ठी. तपासणीत उतरला तर हिरवी, नाहीतर लाल. मी विचारले, "ताई, त्यानं दाखवलेली गोण खराब होती का?" तू म्हणालीस, "ती चांगलीच असती रे. म्हणून तर दाखवून राहिला."

दुधनीच्या जलाशयावर गेलो की तू मासळीवालीच्या टोपलीतही तसाच हात घालायचीस, थेट तळाला. बायका तुझ्यावर किती चिडायच्या!

म्हणूनच तुझ्या समोर लिनक्स मांडताना मी पूर्ण तयारी केली होती. काहीही न पुसता पेनड्राइव्हवरून चालवून दाखवले. लॅपटॉप कसा झरझर सुरू होतो ते दाखवले. तू चहा पीत राहिलीस. मग विचारलेस, "फुकट देणारे काय नेतात?"

मी समजावले की हजारो लोक मिळून ती लिहितात. कुणाला ती स्वतःला हवी असते, कुणाला तिच्यावर काम करण्याचा पगार मिळतो, कुणाला नुसता आनंद. आणि सगळे उघड्यावर असल्यामुळे लबाडी लपवणे अवघड जाते, कारण कुणीही आत पाहू शकतो.

"तू पाहिलंस?"

"मी? ताई, लाखो ओळी असतात त्या. पण पाहणारे खूप आहेत."

"आमच्या कंपनीतही पाहणारे खूप आहेत. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं पाहिलं असेल."

अडलेला शिक्षक जे करतो तेच मी केले: अधिक उत्साहाने पुढचा मुद्दा घेतला. फाइल खरी आहे का, हे कसे ओळखायचे ते सांगितले. प्रत्येक फाइलपासून गणिताने अंक आणि अक्षरांची एक लांबलचक खूण काढता येते. फाइलमधला एक कण बदलला तरी ती खूण पार बदलते. प्रणाली बनवणारे खरी खूण जाहीर करतात. आपण आपल्या फाइलची काढायची आणि शेजारी ठेवून ताडायची. तू प्रथमच पुढे सरकून बसलीस. "म्हणजे चलानावरचा सीलनंबर. हे बरं आहे. तू दर वेळी जुळवतोस?"

"नवख्यांना कंटाळा येतो गं त्याचा."

"नवख्यांना का तुला?"

ताई, त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. आता देतो: मला.

आणि तुझी ती भजनी मंडळाची फाइल! बायकांसाठी मोठ्या अक्षरांत टंकलेली पदे, कुठल्याशा जुन्या फाँटमध्ये. मी दाखवलेल्या सगळ्या चकचकीत गोष्टी ओलांडून तू नेमकी तीच उघडलीस आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा सांडला. "हे कोणत्या देवाचं भजन आहे, मास्तर?" तू एवढी हसलीस की भाऊजी आतून धावत आले. जुने मराठी फाँट असा त्रास देतात, हे मला ठाऊक होते. मी ते वर्गात कधी सांगत नसे. पुढे दोन आठवडे खपून मी ती पदे नव्या फाँटमध्ये आणली, तेव्हा तू फक्त म्हणालीस, "ही खालची गोण होती. आता पुढची काढू."

पण माझीही एक तक्रार आहे. तीन वर्षे तू माझ्या प्रणालीची झाडाझडती घेतलीस, आणि लॅपटॉपबरोबर आलेल्या विकतच्या प्रणालीला एक प्रश्न विचारला नाहीस! तिच्या आत काय आहे हे तर कुणालाच पाहता येत नाही. मी एकदा चिडून हे बोललो. तू लॅपटॉप पुढे ओढून उलटापालटा करून पाहिलास. मग म्हणालीस, "खरंय भो. ती दुकानदारानं घालून दिली आणि मी मुकाट घेतली. माझी चूक झाली." दुसऱ्या दिवशी तू कारखान्यातून एक कोरी पिवळी चिठ्ठी आणलीस आणि लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलीस. ती अजून तिथेच आहे. तुझे ठसठशीत अक्षर:

माल: संगणकाची सिस्टीम.
लॉट एक: दुकानाची. लॉट दोन: दिगूची.
पुरवठादार, लॉट दोन: धाकटा भाऊ. सवलत नाही.
निकाल:

निकालापुढे काहीच नाही. दोन्ही लॉटना नाही.

मी तो अपमान समजलो. खरे सांगू? मला संशयही यायचा की तू तपासत नाहीसच, नकार द्यायला जड जाते म्हणून चिठ्ठीआड लपली आहेस. तू म्हणालीही होतीस, "लाल लावायची असती तर पहिल्याच दिवशी लावली असती." मी ते कानाआड केले. ज्या बहिणीने मला शिकवले तिचा एक हिरवा कागद मला हवा होता, ताई. बाकी सगळे सिल्वासा माझे विद्यार्थी झाले असते तरी त्याची भरपाई झाली नसती.

त्या हव्यासापायीच मी दवाखान्यात तुला विचारले ना? "आता तरी पास कर ना गं." किती निर्लज्जपणा! तुला बोलायला त्रास होत होता, तरी तू माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "आजारी बाईची सही घेऊन माल आत घालून राहिला का रे?" तू हसत होतीस. मी हसलो नाही. त्यानंतर आपण त्या विषयावर बोललो नाही, आणि पुढच्या आठवड्यात कुठल्याच विषयावर बोलता येईनासे झाले.

आता आजचे सांगतो.

आज सकाळी मी भाऊजींकडून तुझा लॅपटॉप आणून वर्गाच्या टेबलावर ठेवला. मंगल पहिल्याच रांगेत होती. सर्वांसमोर तिला सांगितले, "मंगल, मागच्या वेळी मी खोटं बोललो. ताईनं हे पास केलं नव्हतं. तिची तपासणी अर्धी राहिली."

मागून, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी साठेकाकांचा आवाज आला, "अहो, मग आम्ही कोणाच्या भरवशावर टाकलं हे?" बरोबरच होते त्यांचे.

मंगलने माझ्याकडे रोखून पाहिले. "म्हणजे तुम्ही ताईंची सही मारली."

"हो."

"आमच्याकडे असं केलं तर गेटपास जमा करून घेतात, सर."

मला वाटले, ती उठून जाणार. ती उठलीच, पण टेबलापाशी आली. तुझी चिठ्ठी तिने दोनदा वाचली. "सवलत नाही," ती मोठ्याने म्हणाली आणि मान हलवत राहिली. "एका झाकणाला केसाएवढी चीर होती, त्यापायी ताईंनी आमची अख्खी पाळी थांबवली होती. मी त्यांना लय शिव्या दिल्या, मनातल्या मनात. नंतर भेटून सांगितलं पण. तर म्हणे, दे अजून, मी थांबवलेलं थांबलेलंच राहील." मग माझ्याकडे वळून, "मलाही एक पिवळी चिठ्ठी द्या. आणि गोण मी निवडणार."

मी नवा, चकचकीत पेनड्राइव्ह पुढे केला. तिने तो बोटाने बाजूला सारला, माझ्या पेनड्राइव्हच्या डब्यात थेट तळापर्यंत हात घातला आणि टोपण हरवलेला, ओरखडे उठलेला एक बाहेर काढला.

ताई, तुझ्याशिवाय हे तिला कोणी शिकवले असेल?

मी त्यातल्या फाइलची खूण काढली, जाहीर झालेली खूण शेजारी मांडली. मंगलने पडद्यावर बोट टेकवले, साठेकाका वाचायला लागले आणि पहिल्याच अक्षराला तिचे बोट थांबले.

"जुळत नाही, सर."

"नीट बघ."

"तुम्हीच बघा."

मी पाहिले. पुन्हा खूण काढली, पुन्हा पाहिले. जुळत नव्हती. यात कुणाची लबाडी नसावी. पेनड्राइव्ह झिजला होता आणि प्रत खराब झाली होती, एवढेच. पण गेल्या रविवारी तुझा खोटा शिक्का मारून मी हाच हाती धरला असता तर? जुने पुसले गेले असते, नवे अर्ध्यावर अडकले असते आणि मंगलची सगळी मापे ऐन लग्नसराईत नाहीशी झाली असती. "आजचे पेनड्राइव्ह ठीक नाहीत" हे माझे दुसरे खोटे खरे निघाले, ताई. माझ्या हुशारीने मात्र नव्हे.

मग आम्ही डब्यातला एकेक पेनड्राइव्ह ताडला. साठेकाका वाचत होते, मंगल बोट फिरवत होती, आणि ज्यांना कंटाळा येतो म्हणून मी ही पायरी वर्षानुवर्षे गाळत होतो, ते सगळे नवखे खुर्च्या ओढून भोवती बसले होते. बाकीचे सगळे जुळले. मंगलने त्यातला एक लावला. आधी आपल्या मापांची दुसरी प्रत करवून घेतली आणि मग काहीही न पुसता लिनक्स चालवून पाहिले. गळ्यांचे नमुने उघडले. मापे उघडली. "चालतंय तर झकास," ती म्हणाली, "पण मराठी नावं दोन ठिकाणी तुटून राहिली. ही खालची गोण आहे ना?" ती झाकणावर पिवळी चिठ्ठी लावून, लॅपटॉप पिशवीत घालून गेली. लग्नसराई संपेपर्यंत ती फक्त तपासणार आहे.

आज एकाही मशीनवर नवी प्रणाली बसली नाही. इतका चांगला वर्ग मी आजवर घेतला नव्हता. या प्रणालीचे दार उघडे आहे, असे मी जन्मभर सांगत आलो. पण आत पाहायला लोकांना वेळ देत नव्हतो.

आता माझा शब्द. तुझ्या चिठ्ठीवरचा निकालाचा रकाना मी भरणार नाही आणि कुणाला भरू देणार नाही. तुझा लॅपटॉप वर्गातच राहील. येणारा प्रत्येक नवखा आधी तुझी चिठ्ठी वाचेल, मग डब्यात हात घालून आपला पेनड्राइव्ह आपण निवडेल, खूण ताडेल आणि पिवळी चिठ्ठी घेऊन घरी जाईल. हिरवी त्याची त्याने लावायची. आणि "हे कोणी पास केलं?" असे कुणी विचारलेच, तर मी सांगेन, "अजून कोणी नाही. तुम्ही बघा."

तुझा पुरवठादार, लॉट दोन,
दिगू