घर नंबर सत्तावीस, भेट तिसरी

३ फेब्रुवारी
आईचं फोनवर पुन्हा तेच. हिंगोलीत कामं संपली का, म्हणून समुद्रात जाऊन बसलास? मी समुद्रात नाही, कोकणात बोर्ली पंचतनात आहे, आणि इथं माझ्यासारख्या आठवी नापासाच्या हातातही फॉर्मांचं पॅड देतात, हे तिला कोण सांगणार. पुण्याच्या कॉलेजातल्या, पूर्वी नावाच्या मॅडम दोन महिने आरोग्याचा सर्व्हे शिकायला आल्यात. गाडी माझी, फॉर्म त्यांचे. आज दारांवर खडूने नंबर टाकत फिरलो. नीराबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊ घातली. वर म्हणाल्या, खा रं सनी, मॅडमच्या मागं फिरून वाळलास. मजा आहे.

७ फेब्रुवारी
नियम असा, की घर बंद दिसलं तर तीन वेळा जायचं, मगच ‘बंद’ लिहायचं. सत्तावीस नंबर सुपारीच्या वाडीमागे, टेकाडावर. दोनदा चढलो, कुलूप. तिसऱ्यांदा कंटाळा आला. खालीच बसून मी फॉर्म भरला. नावं सुचेनात, तर घरचीच घातली. सखू, वय बावन्न. मुलगी दीक्षा. आजार काहीतरी हवा, म्हणून आईला खोकला लावला. मॅडम म्हणाल्या, तुझं अक्षर सुधारलं की.

११ फेब्रुवारी
दीक्षाचा फोन. आईला खोकला लागलाय. थंडीचा असेल.
नीराबाईंना सहज सत्तावीसचं विचारलं. म्हणाल्या, तिथं कोन हाय? बारा वर्सं कुलूप हाय. आमी तिकडं गुरंपन न्हाय सोडत.

१६ फेब्रुवारी
सर्व्हेच्या तीन फेऱ्यांतली दुसरी. मी पेट्रोल भरायला गेलो तेवढ्यात मॅडम एकट्याच सत्तावीसला जाऊन आल्या. चांगली माणसं आहेत म्हणे. लेकीनं पाणी दिलं. आई अंथरुणातूनच बोलली, सनीला म्हणावं वेळेवर जेवत जा. मॅडमनी विचारलं, तुझ्या ओळखीच्या का रे?

१८ फेब्रुवारी
आई उठत नाही. दीक्षा सांगते, सारखी बडबडते, समुद्राचा आवाज येतोय म्हणून. हिंगोलीत कुठला समुद्र—

१९ फेब्रुवारी
मॅडमना खरं सांगितलं. हसल्या. मग सत्तावीसचा फॉर्म काढून पुन्हा वाचला. म्हणाल्या, मग मी भेटले ते कोण?
उद्या तिसरी फेरी, सत्तावीसची तिसरी भेट. त्या फॉर्मात शेवटचा प्रश्न — मागच्या भेटीनंतर घरात कोणी वारलं का.
मॅडमना जाऊ देणार नाही. मीच जाईन. ‘नाही’ लिहीन.

२० फेब्रुवारी, सकाळ
उंबऱ्यावर बसलोय. कुलूप नाही. आत अंधार. खोकला ऐकू येतोय. आईचाच.
आत जाववत नाही.
सगळं भरलं. शेवटचा प्रश्न — ‘नाही’ लिहिलं. ठळक लिहिलं.

खोकला थांबला.

दीक्षाचा फोन वाजतोय. उचलणार नाही; ऐकलं तर ‘नाही’ खोडावं लागेल. आधी पैसे पाठवतो. गाडी करून आईला दवाखान्यात ने म्हणावं, आत्ताच. खात्यात आहेत ते सगळे — सहा हजार चारशे—